किमयाच्या स्थळाची चौकशी

नाही मामासाहेब, टीव्ही बघून मी बिघडलो हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. (आधी दंडवत घ्या, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली का ते सांगा. मग भांडू.) दूरदर्शनवरचा तो वकील कोर्ट सोडून खाजगी हेर झाला, तर तुमचं अख्खं धार शहर दर बुधवारी कामं टाकून त्याच्यापुढे बसतं. मी कन्नौदच्या तहसील कोर्टातली वकिली आठ महिन्यांत सोडून गोष्टी लिहायला लागलो, तर मी वाया गेलो. आणि वर तुम्हीच लिहिता, एवढा हेरगिरीचा शौक आहे तर देवासला जा, किमयासाठी मुलगा पाहिलाय, त्याची चौकशी करून ये. म्हणजे मी. तिचा आतेभाऊ. (आपल्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क आतेभावाचा. इथले दोस्त म्हणतात, भिया, वो तो बहन हुई. त्यांना समजावणं मी सोडलं. तुम्हाला समजवायला कधी धजलोच नाही.)

तर गेलो. टीव्हीतला हेर कुठंही शिरतो, त्याला कोणी काही विचारत नाही. मुलगा नोकरीला आहे त्या कारखान्याच्या गेटसमोर मी नुसता चहा मागितला, तर चहावाला गिलास हातात द्यायच्या आधीच बोलला, "शादी की पूछताछ है न भिया? अर्पित की? लड़का सोना है." मी दोन दिवस खोट शोधली. दारू नाही, पत्ते नाहीत, स्कूटरसुद्धा सायकलीच्या वेगानं चालवतो. इतका सज्जन माणूस मालिकेत असता तर खून त्यानंच केला असता. देवासमध्ये खूनही झालेला नव्हता.

शेवटी मुलीकडचा वकील म्हणून सरळ घरी गेलो. त्याच्या आजीनं, राजाबाईंनी, पोहे पुढ्यात ठेवले आणि मी तोंड उघडायच्या आत माझीच उलटतपासणी घेतली. "मुलीला आतेभाऊ असेल ना? लग्नाचा? मग घरचा मुलगा सोडून पोरगी बाहेर का देता वकीलसाहेब? पोरीत काही खोट?"

गप्प बसलो असतो तर खोट किमयाची ठरली असती. म्हणून सांगितलं, आतेभाऊ कामातून गेलाय. वकिली टाकली, पितो, कन्नौदला कुणासोबत तरी राहतो. राजाबाई हळहळल्या, माझ्या पोह्यांवर आणखी शेव घातली. म्हणाल्या, "सुटली बिचारी."

कोर्टात मला इतकी चांगली केस लढता आली नव्हती. अशील निर्दोष सुटली, वकील फासावर गेला.

स्थळ उत्तम आहे. द्या.

तुमचा भाचा,
नीलेश

ता. क. आईच्या कानावर गेलंच, तर पिण्याचं आणि कुणासोबत राहण्याचं खोटं आहे असं सांगा. वकिलीचं खरं.

ता. क. २. ऑपरेशन होईपर्यंत तुम्हाला आलेली पत्रं किमयाच मोठ्यानं वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. ती हिंदी शाळेतली, मराठी अडखळत वाचते, म्हणून अक्षर मोठं काढलंय. किमया, मामासाहेबांनी मला विचारलं नाही. तुलाही विचारलं नसणारच. या ओळीशी आवाज अडला, तर अक्षर लागत नाही म्हणून सांग.

उत्तर पाठवू नका, कन्नौदची खोली सोडतोय. पत्रपेटी समोर आहे आणि बस सुटायला आलीय.