लाल न दिसणारी फिल्म

आप्पा, धाकट्या काकांच्या मुलाने घराण्याच्या स्मरणिकेत तुमच्याविषयी लिहिलेला मजकूर चुकीचा आहे. तो लिहितो, की उतारवयात तुम्हाला रंग ओळखू येईनासे झाले, त्यामुळे निपाणीकडच्या म्हातारीने नातीच्या लग्नासाठी सांगितलेले लुगडे तुम्ही काळ्या वेलीचे विणले आणि तेव्हापासून लोकांनी आपल्या मागाकडे पाठ फिरवली. त्या परिच्छेदातील विरामचिन्हांविषयी मी बोलत नाही. तुमच्या डोळ्यांविषयी मात्र बोलणे भाग आहे.

म्हातारी खासबागेतल्या आपल्या घरी आली, तेव्हा तुम्ही सूत आणायला शहापूरला गेला होता. तिने स्वतःच्या लग्नातले जीर्ण लुगडे उलगडले. आंबा रंगाचे अंग आणि काठावर वेल. असेच हवे, पण हे ठेवून जाणार नाही, असे ती म्हणाली. म्हणून मी फोटो काढला. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि कॅमेऱ्याचा मला अभिमान होता. फिल्म मात्र एका फोटोग्राफरकडून कापडासारखी वारावर मोजून घेतलेली, बिनचिठ्ठीच्या डब्यातली. काळी-पांढरी आहे, याहून अधिक त्यालाही सांगता आले नव्हते. लांबी, काठाची रुंदी, अंगाचा रंग मी टिपून घेतला. वेलीचा रंग टिपायचा राहिला.

तुम्ही मागावर बसला आहात. फोटो खिडकीकडे धरून बराच वेळ पाहता.

"वेल काळीच हाय काय रं? लग्नाचं लुगडं हाय ह्ये."

मला आठवत नव्हते. फोटोत लुगड्याशेजारी माझी छत्री आली होती. वेल आणि छत्री सारख्याच काळ्या.

"काळीच आहे, आप्पा. छत्रीशी ताडून बघा. तिकडची रीत असेल."

"तू बघितलंईस न्हवं? मग झालं."

लुगडे न्यायला म्हातारी आली, तेव्हा लग्न चार दिवसांवर होते. तिने काठावरून हात फिरवला आणि आमची वेल कुंकवासारखी लाल होती, एवढेच म्हणाली. ती रागावली असती, तर बरे झाले असते. नवा ताणा लावून विणायला वेळ उरला नव्हता. तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाही. "माझ्या नदरंची चूक, आक्का," असे म्हणालात. मी दाराशी उभा होतो आणि गप्प राहिलो. ती लुगडे न घेताच परतली. बाजारात तेच वाक्य फिरले. नदर गेलेल्या विणकराकडे लग्नाचे लुगडे कोण सांगणार?

स्मरणिका वाचली आणि काल माळ्यावरून उरलेल्या फिल्मचा डबा काढला. न्हाणीघराची खिडकी घोंगडीने बुजवली. बोटभर तुकडा आधी उजेडात धरून डेव्हलपरमध्ये सोडला आणि तो पुरता काळा व्हायला किती वेळ लागतो, ते घड्याळावर मोजले. कोरा तुकडा धुऊन पाहिला. कडेला कंपनीचे अक्षर नाही, आकडा नाही. मग एका तुकड्यावर नाणे ठेवून तो लाल दिव्याखाली दहा मिनिटे राहू दिला आणि धुतला. फिल्मला लाल उजेड दिसत असता, तर भोवतालचा भाग काळा होऊन नाण्याचा गोल उरला असता. गोल उमटला नाही. जुन्या फिल्मची करडी झाक तेवढी सगळीकडे सारखी. पांढऱ्या दिव्याखाली तोच गोल क्षणात उमटला. शेवटी सुनेच्या लाल काठाच्या साडीशेजारी छत्री ठेवून फोटो काढला. फिल्मवर जे उमटत नाही ते छापलेल्या फोटोत काळे येते; काठ आणि छत्री वेगळी ओळखता येईनात.

तुम्ही फोटोत होते तेच विणले, आप्पा, आणि शंकाही तुम्हीच काढली होती. चुलतभाऊ स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढतो आहे आणि दुरुस्त्या मागवतो आहे. त्याच्यासाठी पुढील यादी केली आहे. अजून पाठवलेली नाही.

म्हातारी आली : संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, दिवाळीत नव्हे.
फोटो : त्याच दुपारी, मी काढला.
लुगडे मागावरून उतरले : शिमग्याच्या आधी, पाडव्याला नव्हे.
ती लुगडे न्यायला आली : अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी.
आप्पांना चष्मा लागला : त्यानंतर सहा वर्षांनी, तोही केवळ वाचण्यासाठी.
मला फिल्मचा संशय आला : काल नव्हे, ती लुगडे न घेता परतली त्याच संध्याकाळी.