मूडसाठी किती मिनिटं चालावं

६ जानेवारी, सकाळ
आजपासून चालणं. डॉक्टर म्हणे, झोप येत नाही तर रोज चाला, मूड सुधारते. आपला मूड फर्स्ट क्लासच आहे. बायको, चंद्रकला, भांडून बेसा गावाले भावाकडे गेली त्याले दीड महिना झाला. ती बॅग भरत होती, मी पेपर वाचत होतो. आमच्यात रीत अशी का रुसून गेलेल्या बाईले नवऱ्यानं न्यायले जावं लागते. मी काहून जाऊ? गेली तशी येईन.
पंधरा मिनिटं. मूड दहापैकी तीन.

९ जानेवारी
वीस मिनिटं. मूड तीनच. सवयीनं दोन कप चहा मांडला. दुसरा सांडून दिला.

१२ जानेवारी
आपल्या मानेवाड्याहून बेसा रोडनं गेलो. रस्ता मोकळा आहे, दुसरं काही कारण नाही. चाळीस मिनिटांवर साळ्याचं, रुपरावचं घर लागलं. चंद्रकला गच्चीवर कपडे वाळत घालून राहिली होती. मी पाहिलंच नाही. वाळली वाटते थोडी.
मूड आठ. शोध लागला. चाळीस मिनिटं पाहिजेत.

१५ जानेवारी
चाळीस मिनिटं, पण उलट्या बाजूनं. मूड दोन. हवा खराब असन.

१८ जानेवारी
बेसा रोड. ती फाटकाशी उभी होती. पाणी दिलं. विचारलं, न्यायले आले का? म्हटलं, नाही, व्यायाम सुरू आहे. बरं म्हणाली.
मूड नऊ.

२१ जानेवारी
पुन्हा फाटकाशी. चांगली साडी, पायरीवर बॅग. पाहुणे जाऊन राहिले असन. म्हणे, थांबता का जरा? घड्याळ दाखवलं, अजून दहा मिनिटं चालायचं बाकी आहे म्हटलं. मधात थांबलं का फायदा होत नाही.

२४ जानेवारी
पन्नास मिनिटं. फाटकाशी रुपराव. म्हणे, भाऊजी, ताई काल हैदराबादले गेली, तुमच्या चिन्मयीकडे. पोरीनं तिकडेच राहा म्हटलं. इतके दिवस रोज सकाळी तयार होऊन बसे, भाऊजी दारावरून जातात, एखाद्या दिवशी आत येतीन म्हणून. चहा घ्या म्हणे. नाही घेतला. रस्त्यावरच रडू आलं.

२४ जानेवारी, दुपार
चिन्मयीले फोन लावला. आईले दे म्हटलं. ती आली. काय काम होतं, विचारलं. न्यायले येतो, असं म्हणायचं होतं. म्हटलं, काही नाही, सहज केला.