रबरी बेडूक आणि उजवा हात

९ फेब्रु.
ह्यांनी आज व्यायामाचा चेंडू खिडकीतून फेकला. डाव्या हातानं. शेजारच्या पत्र्यावर धाडकन.
म्हणलं, "उजव्यानं फेकला असता तर मीच आणून दिला असता."
हसले नाहीत. दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात तेवढा रुसून बसलाय. सगळ्या उमरग्यातल्या ट्रकांवर मोर, वाघ, कमळं काढणारा हात. आता चमचा धरला तरी पडतो. दुकानाचं शटर तसंच खाली.

१३ फेब्रु.
खलीलभाई आले. ह्यांच्या दुकानाला लागूनच त्यांचं ट्रकच्या बॉड्या बांधायचं वर्कशॉप. मला वाटलं सफरचंदं आणली असतील. काठी आणली! तिला रीळ, आणि डबीत एक रबरी बेडूक. पोटाखाली गळाचे दोन आकडे, पण अंगाला चिकटून वर वळलेले.
"भाभी, इसकू पानी पे कुदाने का. मरळ समझती, असली है."
आम्ही मासे खात नाही, म्हणलं.
"तो छोड देना! खाने कू मैं हूँ. पन ये देखो." रिळाचं हँडल काढून उजव्या बाजूला बसवलं. म्हणजे काठी डाव्या हातात, रीळ उजव्यानं फिरवायचं.
डोकं चालतं ह्या माणसाचं.
ह्यांनी बेडूक उलटा करून बघितला. "रंग... भिकार मारलाय."
झटक्यानंतर रंगाबद्दल पहिलं वाक्य. मी आत जाऊन उगाच चहा टाकला.
शिवरात्र होऊ द्या, मग बघू म्हणाले. नको म्हणाले नाहीत.

१७ फेब्रु.
गेलो. खलीलभाईंच्या छोट्या टेम्पोतून, उजाडायच्या आत. तलाव निम्मा आटलाय, काठाला शेवाळ आणि कमळाची पानं. मी घोंगडी टाकून बसले. थर्मास, शेंगाची चटणी, कडक भाकरी.
ह्यांची पहिली फेक मागच्या बाभळीत. दुसरी खलीलभाईंच्या टोपीवर. तिसरी पाण्यात पडली तर आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. "गप्प बसा," म्हणाले.
मासा नाही. पण दोन तास रीळ फिरवत होते. घरी पाच मिनिटं व्यायाम करा म्हणलं तर तोंड फिरवतात.

२० फेब्रु.
अक्का (ह्यांची थोरली बहीण) सकाळीच दारात. कुणीतरी सांगितलंय.
"गळ्यात लिंग आणि हातात गळ? लाज वाटत न्हाय का गं?"
म्हणलं, "अक्का, मारत नाही आम्ही. धरून सोडतो."
"मग धरताय कशाला?"
अजून एकही धरला नाही हे सांगितलं असतं तर शांत झाल्या असत्या बहुतेक. संध्याकाळी खलीलभाईंना सांगून आकड्यांच्या टोकाचे उलटे काटे पकडीनं चेपून घेतले. माशाचं तोंड फाटायला नको.

२४ फेब्रु.
इथल्या मरळी लई शहाण्या. आधी वाटायचं नाहीतच. आज दिसलं. बेडूक पुढं, त्याच्या मागं पाण्याला फुगीर रेघ. येते, येते, काठाजवळ थांबते, बघते, वळून जाते. खलीलभाईंनीही स्वतःची काठी आणलेली, त्यांच्या बेडकामागं तीन वेळा आली, तिन्ही वेळा परत.
"इसकू सब मालूम है," म्हणाले. नुसती चिडचिड.

२ मार्च
आज!!
ह्यांचा हात थकला होता. एक वळसा, थांबला. अर्धा वळसा, परत थांबला. मी सोडा म्हणणार होते. बेडूक पानाशेजारी नुसता पडून. बारीक हलला. आणि पाणी फुटलं.
ह्यांनी दचकून काठी वर ओढली. बेडूक उडून आमच्या थर्मासवर. मासा गेला.
खलीलभाई कपाळ बडवून, "मुँह में तो जाने दो अन्ना! फिर खेंचो!"
घरी येताना टेम्पोत हेच हळूच म्हणाले, "माझा बेडूक थांबतो. तुझा थांबत नाही."
खलीलभाईंनी गाडी बाजूला घेतली. "सई बात है!" खरा बेडूक तरी कुठं एकसारखा पोहतो.

५ मार्च
पकडली.
फटका बसला, ह्यांनी दम धरला, मग ओढलं. काठी कमान झाली. उजव्या हातानं रीळ फिरेना, बोटं निसटायला लागली. मी धावले, हँडलला हात घातला, तर कन्नडात ओरडले, "बिडु! बिडु!" सोड म्हणून. रागावले की अजून कन्नडच येतं आधी. सोडलं मी. घाम, एकेक वळसा. मला वाटलं परत काही होतंय की काय ह्यांना. गुडघाभर पाण्यात खलीलभाईंनी उचलली.
तोंड सापाचं, अंग बुळबुळीत, डोळे चिडलेले. मी लांबूनच नमस्कार केला. आकडा सहज निघाला. ह्यांनी दोन्ही हातांनी पाण्यात धरली. दोन्ही! शेपटीचा तडाखा देऊन गेली, चष्म्यावर पाणी.
खलीलभाई पाण्याकडं बघत, "सालन गया." रस्सा हुकला बिचाऱ्यांचा. घरी नेऊन पुरणपोळी खायला घातली.

१५ मार्च
व्यायामाची बाई खूश. बोटं मिटतात, चमचा पडत नाही. काय करता विचारलं. "बेडूक चालवतो," हे म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली.

२१ मार्च
गंमत झालीय. हात सुधारला तसं रीळ सरळ फिरायला लागलं. मरळी फिरकत नाहीत. आता मुद्दाम थांबावं लागतं, ते जमत नाही ह्यांना, जोर आलाय तर फिरवतच सुटतात. आठ दिवस कोरडे. बाभळीखालच्या खड्ड्यात एक मोठी आहे, वर येऊन हवा घेते तेव्हा ताटाएवढं वर्तुळ उठतं. ती तर बेडकाकडं बघतही नाही.
मी म्हणलं, काठी मला द्या. दिली. पहिल्याच फेकीत बेडूक बाभळीत, खलीलभाईंना चढून काढावा लागला.

२५ मार्च
हे काठावर पालथे पडून एक खरा बेडूक बघत होते. मला धडकी भरली, धावत गेले, तर म्हणतात, "पोट बघ. पिवळट. मरळीला खालून पोटच दिसतंय की. आपल्याचं पोट पांढरंफेक."
दुपारी खाट पुढं ओढली, दुकानातून रंगाचे डबे आणायला लावले. शटर मीच उघडलं. टर्पेंटाइनचा वास अंगावर आला आणि उगाच डोळे...
असो. ब्रश उजव्या हातात, मनगटाला डाव्याचा आधार. एवढासा बेडूक, सगळी दुपार गेली. पोट छान उतरलं. डोळे मात्र एक इथं, एक तिथं.
अक्का आल्या होत्या. दारात उभ्या राहून बघत होत्या, बराच वेळ. जाताना एवढंच, "डोळा जरा वर घे रे."

२७ मार्च
अक्का आमच्यासोबत! "बघते तरी काय करताय." टेम्पोत पुढं बसल्या, हे आणि मी मागं रीतसर काठ्यांबरोबर.
बाभळीखाली बेडूक टाकला. थांबवला. अक्का जप करत होत्या, मध्येच जप थांबला. रेघ आली. रुंद. बेडकाच्या खाली येऊन उभी राहिली. ह्यांनी हात हलवला नाही. कसा धरून ठेवला त्यांनाच माहीत. मग एकदम बेडूक नाहीसाच झाला, वर फक्त भोवरा.
काठी वाकली, रीळ किंचाळलं, मरळ खोडाखालून गेली, तट्ट. दोरी तुटली.
मला वाटलं आता बसतील डोकं धरून. हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत. "माझा बेडूक गिळला! माझा रंग!" अक्काही हसल्या. मग लगेच, "त्या मुक्या जिवाच्या तोंडात राहील ना रे ते."
काटे चेपलेत, झटकून टाकेल, म्हणलं. पण मलाही घोर लागला.

२९ मार्च
बेडूक शेवाळावर तरंगताना मिळाला. पाठीवर दातांची ओळ. अक्कांना लगेच फोन केला. "बरं झालं बाई. आता दुसरा कुठला रंग?" म्हणाल्या.

४ एप्रिल
खलीलभाई एका ड्रायव्हरला घेऊन आले. तुळजापूरकडचा, नवी बॉडी बांधून तयार. मागं मोर पाहिजे, ह्यांच्याच हातचा. इतके महिने दुसऱ्या कुणाकडं गेला नाही म्हणे.
मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, हातातलं पीठ तसंच. मोर म्हणजे केवढा. खांद्याच्या वर हात न्यावा लागतो. पडला ब्रश तर? चारचौघांत?
हे म्हणाले, "ट्रक उभा कर दुकानासमोर. मी बघतो."
"उद्या सकाळी लावू का, मालक?"
"सकाळी नको," म्हणाले. "सकाळी मरळीकडं जायचंय. दुपारी ये."