बरणीतलं लाल पाणी

गुरुजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे ती तुमच्या बरणीबद्दल. समुद्राकडच्या मिठागरातून तुम्ही आणलेलं ते लाल पाणी आपल्या बेला गावच्या शाळेत खिडकीशी ठेवलेलं असायचं. "गुर्जी, रगत हाय का हे?" असं मी विचारलं होतं. तुम्ही हसलात. "रगत नाई वं, शेवाळ हाय. मूळचं हिरवंच. पाणी आटून लई खारं झालं का बाकीचं शेवाळ मरते, हे तेवढं जगते. वरून ऊन लागलं का लाल होते." जे पाणी आपल्याला तोंडात धरवत नाही त्यात कुणी सुखानं नांदतं, याचं मला फार नवल वाटलं.

मग हैदराबाद राज्य मोडलं. किनवट मुंबई राज्यात गेलं, आपलं बेला इकडे आंध्रात राहिलं आणि तुमचा तबादला पैनगंगेपल्याड झाला. कागदांसाठी आदिलाबादला जाताना तुम्ही बरणी माझ्या हाती दिलीत. "सांभाळ. याच्यात काई टाकू नको. तिकडच्या पोरायले दाखवाची हाय." चौथ्या दिवशी काठावर मिठाचा थर दिसतो. मला वाटतं, बिचाऱ्यांना तहान लागली असेल. मी विहिरीचं गोडं पाणी तांब्याभर ओतते. दोन दिवसांत सगळा लाल रंग जातो. करायला गेले एक अन् झालं भलतंच. पुढे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना हेच मला दर वर्षी सांगावं लागे, की या शेवाळाच्या पेशीला भिंत नसते. आतल्या आत ग्लिसरीन तयार करून ती बाहेरच्या मिठाशी तोल राखते, आणि एकदम गोडं पाणी मिळालं की फुगून फुटते.

तेव्हा मात्र मला फक्त तुमची भीती वाटली. आईच्या करंड्यातलं कुंकू घेतलं आणि पळीनं ढवळून पाणी लाल केलं. तुम्ही आलात, बाहेर बैलगाडी जुंपलेली होती. बरणी उन्हात धरून तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात. तळाशी गाळ बसला होता. "चांगली सांभाळली वं पोरी," म्हणालात आणि धोतरात गुंडाळून घेऊन गेलात.

तुम्हाला कळलं होतं का? कळलं असेल, तर तुम्ही माझी लाज राखलीत. नसेल, तर पल्याडच्या पोरांना तुम्ही माझ्या आईचं कुंकू जिवंत म्हणून दाखवलंत. तुमचा पत्ता शेवटपर्यंत माझ्याकडे होता, गुरुजी. मी एक कार्डसुद्धा टाकलं नाही.