मोतीबाईची कोंबडी आणि आमचा लिलाव

मेहरूण, जळगाव
नोव्हेंबर १९८८

आदरणीय नाना यांस,

भाईदासचा आणि मंदाचा प्रभूच्या नावाने सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? धुळ्याच्या थंडीत कुरकुरत असणार. वहिनी तेल चोळून देतात तेव्हा गप्प बसत जा. पाळक म्हणून आयुष्यभर लोकांना ऐकवलंत, आता निवृत्तीत थोडं ऐकायला काय हरकत आहे? आमच्याकडे सगळे ठीक. मी जरा कमी ठीक आहे, आणि त्याला कारण एक कोंबडी.

आमच्या मंडळीत परवा हंगामाचा सण झाला. आपल्या कष्टाचं पहिलं फळ वेदीपुढे ठेवायचं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. पण माझे कष्ट म्हणजे एसटी डेपोतले कागद, ते वेदीपुढे कसे ठेवणार? म्हणून बाजारातून केळीचा अख्खा घड आणला. (त्यावर व्यापाऱ्याने चुन्याची खूण केली होती, ती घरी ओल्या फडक्याने पुसली.) घड रिक्षातून उतरवताना चार लोक बघतील अशा बेताने पोचलो, तर बन्सीलाल आधीच उभा. तुम्हाला ठाऊकच आहे, गेल्या वर्षी लिलावात त्याचं नाव दोनदा पुकारलं गेलं, तेव्हापासून तो प्रार्थनेतसुद्धा मान ताठ ठेवतो. त्याने भलामोठा भोपळा आणला होता. भोपळ्यावर तीच चुन्याची खूण, आणि या शहाण्याने ती पुसलीही नव्हती.

या सगळ्यात यावलकडच्या डोंगरपायथ्याची एक बाई आली होती, मोतीबाई. तिची लेक इथल्या दवाखान्यात बाळंत झाली, दोघं सुखरूप. त्याबद्दल देवाचे उपकार मानायला ती पाड्यावरून टोपलीत कोंबडी घेऊन आली. वेदीपुढे टोपली ठेवली, डोळे मिटून बराच वेळ पुटपुटली आणि भिंतीशी जाऊन बसली.

उपासनेनंतर लिलाव लागला. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, वस्तू घ्यायची आणि पुन्हा देऊन टाकायची, म्हणजे परत बोली लागते आणि परत टाळ्या पडतात. लिलाव पुकारणाऱ्या भटू गुरुजींनी कोंबडी वर धरली. बन्सीलालने घेतली, परत दिली. टाळ्या. मी चढ्या बोलीने घेतली, परत दिली. जास्त टाळ्या. मग त्याने, मग मी. कोंबडी बिचारी टेबलावर चढून उतरून बेजार झाली. दर वेळी मी मोतीबाईकडे बघायचो, की बाई बघ, तुझ्या कोंबडीला आम्ही केवढा मान देतोय. ती हसायची. (ती का हसत होती ते नंतर कळलं. तिला वाटलं, कोंबडी कोण रांधणार यावरून आम्ही भांडतोय.) शेवटी बन्सीलाल थकला आणि कोंबडी माझी झाली. भोपळ्यावर कोणी बोलीच लावली नाही, त्याचा त्यालाच घ्यावा लागला. नाना, खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला स्वर्गाचं दार उघडं दिसत होतं.

लोक पांगले. बाया सतरंज्या गुंडाळू लागल्या. मोतीबाई तिथेच. पिशवीतून स्टीलचं ताट काढून तिने पदराने पुसलं, पुढे ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊ, जेवण कव्हय शे?"

मला आधी कळेचना, जेवण कधी म्हणजे कसलं जेवण? मग तिच्या तोडक्यामोडक्या बोलण्यातून उलगडलं. तिच्या पाड्यावर देवापुढे जे ठेवतात ते तिथेच शिजतं आणि सगळे एकत्र बसून खातात. नातवाच्या आनंदात आम्हाला जेवू घालायला ती आली होती. आणि मी तिचं जेवण काखेत धरून घरी निघालो होतो. मला फार लाज वाटली, नाना.

म्हटलं, आमच्या घरी आहे, चल. मंदाने कपाळावर हात मारला. एवढ्या बोलीची कोंबडी कापायची? पण मसाला वाटायला बसली. तर मोतीबाई ताटाला हात लावेना, बाकीचे कुठे आहेत म्हणून विचारत राहिली. शेवटी लोकांना बोलवायला निघालो. पहिलं घर नेमकं बन्सीलालचं. तो भोपळा उचलून मागोमाग आला. भोपळा रश्श्यात गेला, लिलावात मीच परत घेतलेली केळी ताटात आली. अंगणात दाटीवाटीने बसलो. कोणाच्या वाट्याला कोंबडीचा तुकडा आला, कोणाच्या नुसता रस्सा. नाव कोणाचंच पुकारलं नाही.

निघताना मोतीबाईने प्रार्थना केली. तिच्या बोलीतलं फारसं समजलं नाही, पण शेवटचं आमच्यासाठी खान्देशीत म्हणाली: "देवा, या घरना धनीनं नाव माले माहीत नही. तुले माहीत शे."

मी तिला तीनदा नाव सांगितलं होतं हो! बन्सीलालने रुमालात तोंड लपवलं. मला राग आला, आणि नंतर तेच वाक्य डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी ज्याला देतो म्हणत होतो, त्याला माझं नाव आधीच माहीत होतं. मग मी सांगत कोणाला होतो?

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा,
भाईदास

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. नाताळाआधीच्या रविवारी तुम्ही इथे उपदेशाला येणार आहात. दानाविषयी बोलताना ओघात "या मंडळीतल्या एका भावाने" असं म्हणून ही हकीगत सांगावी. नाव नको, शोभत नाही. फक्त एसटी डेपोचा उल्लेख असावा.

आणखी ता. क. मंदाने पत्र वाचलं. मोतीबाईचं ताट आमच्याकडेच राहिलंय, ते आणून माझ्यापुढे ठेवलं. उद्या यावलच्या गाडीने पोचवायला जातो. डेपोचं राहू द्या, नाना. हकीगतही राहू द्या. उपदेश संपत आला की एकदा नुसतं विचारा, "जेवण कव्हय शे?" आणि घोटभर पाणी प्या. मला कळेल. बन्सीलाललाही कळेल.