संपूर्ण डिस्क आणि बाकी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त टंकलेखिका, अविवाहित, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. आधीच्या मृत्युपत्रात तिचे नाव नव्हते, म्हणून कारण नोंदवते.

तिचे यजमान जहाजावर इंजिनिअर होते. ते गेल्यावर त्यांची दोनशे बारा पत्रे मी संगणकावर टाइप केली, कारण कागदांना वाळवी लागली होती. पुढे संगणक रखडू लागला. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा. (त्या दुकानदाराला माझ्या मालमत्तेतून काही नाही.) छापखान्याच्या माडीवर काही जण स्वतःच्या वेळात जुने संगणकही चालवणारी एक प्रणाली लिहितात, ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, दुरुस्त करावी. त्यांनी ती पेनड्राइव्हवर दिली. घरी लावली तेव्हा पडद्यावर प्रश्न आला, ‘संपूर्ण डिस्क वापरायची का?’ अर्धीच कशाला वापरू, म्हणून मी ‘हो’ दाबले. पत्रे गेली. कागद तर आधीच टाकून दिले होते.

धाकटी एवढेच म्हणाली, “ताई, ते दुसऱ्यांदा गेले.” मग चार वर्षे बोलली नाही. मी दवाखान्यात होते तेव्हाही आली नाही.

पत्रे गेली त्या दिवशीच मी तडक माडी गाठली होती. तिथला दाढीवाला म्हणाला, “आजी, तिथे स्पष्ट लिहिलं होतं.”

“कोणाला स्पष्ट? आणि मी आजी नाही, टंकलेखिका आहे.”

त्याच्याच खुर्चीवर बसून मी वाक्य टाइप केले: ‘या संगणकावरची तुमची पत्रं, फोटो, सगळं पुसलं जाईल. काहीही परत मिळणार नाही.’ तो म्हणाला, लोक घाबरतील. मी म्हटले, घाबरू देत. दोन महिने वाद घालून त्याने ते घातले.

गेल्या वर्षी धाकटीचा फोन आला. ती तीच प्रणाली लावायला बसली होती आणि त्या वाक्यापाशी थांबली होती. आत नातीचे फोटो होते. “ताई, हे तूच लिहिलंस ना? इतकं तोंडावर दुसरं कोण बोलणार?” मी म्हटले, आधी ‘नाही’ दाब. “दाबलं. जेवायला ये,” म्हणाली. मी गेले. पत्रांबद्दल आम्ही दोघी बोललो नाही.

२. टाइपरायटर भाचीला. ती विकेल. विकू दे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. संगणक व सात वह्या माडीवरच्या मंडळींना. वाद मिटल्यावर त्यांनी मला दर शनिवारी बोलावले. मी पडद्यासमोर बसायचे आणि जे कळले नाही ते वहीत लिहायचे. ‘माउंट’ कशावर करायचे, ‘रूट’ नावाच्या माणसाचा पासवर्ड मला का विचारता, असे सगळे त्यात आहे. दाढीवाला मागे उभा राहून कळवळायचा, पण दुरुस्त करायचा. माझा चष्मा मात्र त्याला देऊ नये. मागितला होता, पडदा मला कसा दिसतो ते बघायला. त्याने स्वतः म्हातारे व्हावे.

४. बँकेतील शिल्लक निम्मी धाकटीला. निम्मी माडीला, एका अटीवर: माझ्या जागी दर शनिवारी संगणक न येणारी एक व्यक्ती बसवावी. तिला रिक्षाभाडे द्यावे. ती अडली तर कोणी शिकवू नये, माउसला हात लावू नये. ती कुठे अडली ते लिहून घ्यावे आणि ती घरी गेल्यावर प्रणाली बदलावी. तिला संगणक येऊ लागला की तिचे आभार मानून दुसरी व्यक्ती शोधावी.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) लिहून ठेवणारी

आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.
साक्षीदार १: (सही) घरचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही) शेजारीण, शिवणकाम