मुक्कामी गाडी आणि मोहरखेडची वाढीव लोकसंख्या

मोहरखेड
(रोहिणखेडच्या पुढं, फाट्यावरून आत)
रविवार, भर दुपारी

चिरंजीव जावईबापू राजकुमार यांना मोहरखेडहून पंजाबरावाचा मनापासून जय भीम. मी आणि तुमच्या सासूबाई सिंधू, आम्ही दोघं इकडं मजेत आहोत. माझे गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे, आणि गुडघे एसटीच्या कामी आले (सगळी नोकरी उभ्यानं तिकिटं फाडण्यात गेली), तेव्हा त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तुमची तब्येत, चि. धम्मशीलेच्या दवाखान्यातल्या रात्रपाळ्या आणि विलायतेतली थंडी यांचं कसं काय चाललं आहे ते कळवावं. तुमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यातली निम्मी अक्षरं फक्त लिहायची असतात, म्हणायची नसतात, असं धम्मशीलेनं सांगितल्यापासून मी त्या नावाच्या वाटेला जात नाही. पत्र हातानं लिहितो आहे. आमच्या शाळेच्या समता मॅडम त्याचे फोटो काढून तुमच्या मोबाइलवर टाकतील. अक्षर उड्या मारताना दिसलं तर तो आनंद समजावा, म्हातारपण नव्हे.

आनंदात निम्मा वाटा तुमचा आहे. तुम्ही तिकडच्या नगरपालिकेत माणसं मोजण्याच्या खात्यात आहात, हे मला लग्नात पाहुण्यांना धड समजावता आलं नव्हतं. (मी ‘तिकडचे तलाठी’ असं सांगून मोकळा झालो. आमचे काही नातेवाईक अजून तुमच्याकडं सातबारा मागतील, मनावर घेऊ नका.) मागल्या महिन्यात मी सहज विचारलं, की तुमचं काम नेमकं काय हो, तर तुम्ही तुमच्या गावच्या लोकसंख्येचं अख्खं पान पाठवलं. समता मॅडमनी ते मराठीत सांगितलं आणि मी खाटेवरून उठून बसलो. तिकडची तरणी पोरं शिकायला लंडनला जातात आणि तिथलीच होतात. पेन्शनवाले घर विकून समुद्राकाठच्या खेड्यात जातात. पाळणे कमी, काठ्या जास्त. तरी गाव वाढतंच आहे, कारण बाहेरच्या देशांतून नर्सा, डॉक्टर आणि म्हाताऱ्यांना सांभाळणारी माणसं येतात. लंडनच्या जागी पुणे टाका आणि हे मोहरखेडच झालं. फक्त शेवटचं वाक्य आम्हाला लागू नाही. तुमच्या गावाला आमची धम्मशीला मिळाली. बदल्यात तिकडून इकडं कुणी आलं नाही.

तशी ही विद्या मला नवी नाही. कोण जाऊन येणार आणि कोण गेला, हे कंडक्टरला तिकीट फाडतानाच कळतं. हातात कापडी पिशवी असली, की माणूस संध्याकाळी परत. सोबत अंथरूण-पांघरूण असलं, की गेला. तुमच्याकडं म्हणे माणूस वर्षभर राहिला तरच आला असं धरतात; आम्ही वळकटी पाहून सांगायचो. (धम्मशीला तुमच्याकडं यायला निघाली तेव्हा तिच्या दोन्ही बॅगा शेजारच्या उकंडरावाच्या कापसाच्या काट्यावर तोलल्या होत्या. वजन जास्त भरलं म्हणून एक बॅग उघडली, तर आत सिंधूनं शिवलेली गोधडी होती. मी ती परत आत ठेवली. लोणच्याची बरणी काढायला लावली.)

आता मूळ गोष्ट. आमची मुक्कामी गाडी तुम्हाला आठवत असेल. संध्याकाळी बुलढाण्याहून येते, रात्री समाजमंदिरासमोर झोपते, पहाटे परत निघते. लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही दोघं हिच्यातूनच उतरलात आणि सामान उतरवताना आहेरातला मिक्सर उकंडरावाच्या पायावर पडला होता. (तो अजून पाऊस यायच्या आधी लंगडतो आणि तुमची आठवण काढतो.) तर ही गाडी रिकामी येते, रिकामी जाते, गावात माणसंच उरली नाहीत, म्हणून बंद करायची, असं आगारातून कानावर आलं. मंगळवारी आगाराचे साहेब जातीनं पाहणी करणार, हेही कळलं. ही गाडी गेली, की दिवस मावळल्यावर मोहरखेडला यायचं तर फाट्यापासून अंधारात पायी. लोक म्हणाले, अर्ज करू, सह्या घेऊ. मी म्हटलं, अर्ज टोपलीत जातो. साहेबाला लोकसंख्या दाखवायची.

मग मी समाजमंदिरासमोर सभा घेतली आणि तुमच्या पानावर भाषण केलं. असं भाषण मी निवृत्तीच्या सत्कारातसुद्धा केलं नव्हतं. समजावून सांगितलं, की बाबांनो, गाव म्हणजे गाडीसारखंच असतं, चढले किती आणि उतरले किती एवढाच हिशेब. उकंडरावानं मध्येच विचारलं, “त्या गोऱ्याइच्या गावाचं आपल्याले काय करा लागते बे?” त्याला बसवलं आणि ठराव पास केला, की मंगळवारी पहाटे गावातल्या झाडून सगळ्यांनी गाडीत बसायचं. साहेब स्टँडवर उभे असणार, गाडीतून माणसांचा पूर उतरणार, विषय संपला. या आखणीत खोट काढायला मला अजूनही जागा दिसत नाही, एक सोडली तर.

मंगळवारी जे झालं ते पाहायला तुम्ही हवे होता. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं त्या माहेरी आलेल्या नणंदांसकट आल्या. पंच्याहत्तरीच्या वरच्यांना फुकट, त्यामुळं गावातले सगळे पुरुष एका पहाटेत पंच्याहत्तरीचे झाले. मिरवणुकीत ढोलापुढं दुपारभर नाचणारा उकंडराव कंडक्टरला थरथरता हात दाखवत होता. (वर त्यानं बोकड आणलं होतं. काऊन, म्हणून विचारलं, तर म्हणे तेवढीच गर्दी दिसते.) समता मॅडमनी शाळेतली पोरं सहल म्हणून घेतली. राजूर घाटात गाडी अशी कण्हायला लागली, की निम्म्या पंच्याहत्तरीवाल्यांनी उतरून तिला ढकललं आणि धावत जाऊन पुन्हा पकडलं. नव्या दमाचा कंडक्टर त्यांची वयं पुन्हा विचारायला लागला.

बुलढाण्याला उतरल्यावर लक्षात आलं, की कुणालाच बुलढाण्यात काम नाही. सगळं गाव बोकडासह स्टँडवर घोळका करून उभं. एका हवालदाराला वाटलं मोर्चा आहे. त्यानं मागणी काय ते विचारलं. उकंडराव म्हणाला, आम्हाला परत जायचं आहे. हवालदार म्हणाला, की माझ्या नोकरीत माझ्या हातून पुरी होण्यासारखी ही पहिलीच मागणी. मी मात्र ऐटीत शर्ट झटकून साहेबांच्या खोलीकडं गेलो. दाराशी बसलेला शिपाई म्हणाला, साहेब सकाळीच जीप घेऊन मोहरखेडला गेले. गावात माणसं खरोखर किती आहेत ते बघायला.

जावईबापू, माझ्या पायाखालून अख्खं स्टँड सरकलं. गावात काय दिसणार ते मला इथूनच दिसत होतं. घराघराला कुलूप, शाळेला कुलूप, पारावर एक कुत्रं. जे सिद्ध होऊ नये म्हणून मी सभा घेतली, ते मीच गाव उचलून सिद्ध केलं होतं. पोरं, म्हाताऱ्या आणि बोकड घेऊन परत जायचं तर तीच संध्याकाळची गाडी. दिवसभर गाव माझ्याकडं पाहत होतं आणि मी वेळापत्रकाकडं.

संध्याकाळी गाडी समाजमंदिरासमोर लागली, तर साहेब आमच्याच ओट्यावर. पुढ्यात ताट, ताटात वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. घास हातात धरून ते गाडीच्या दाराकडं पाहत राहिले. माणसं उतरता उतरेनात. सगळ्यात शेवटी बोकड उतरलं. साहेब म्हणाले, “पंजाबराव, एवढं गाव दिवसा जातं तरी कुठं?” मी क्षणाचाही वेळ न घालवता तुमचं पान लावलं. दिवसाची लोकसंख्या वेगळी आणि रात्रीची वेगळी, विलायतेतसुद्धा असंच धरतात, आमचं गाव दिवसा कामाला जातं आणि रात्री मुक्कामी येतं, म्हणून तर मुक्कामी गाडी. साहेबांनी मान डोलावली. गाडी दिवाळीपर्यंत चालू राहील, पुढं प्रवासी पाहून ठरवू, असं तोंडी सांगून गेले. गावानं मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. बोकडाचं पुढं काय झालं ते विचारू नका. जेवताना सगळ्यांनी तुमची आठवण काढली.

तर तुमच्या पानाचे मोहरखेडवर असे उपकार आहेत. तुमच्या वरच्या साहेबांनाही कळवा, त्यांना बरं वाटेल. धम्मशीलेला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा जय भीम.

तुमचा सासरा,
पंजाबराव
(निवृत्त वाहक)

ता.क. पत्र सिंधूला वाचून दाखवलं. भाषणाच्या ठिकाणी ती उठून चुलीवरचं दूध पाहून आली. सगळं ऐकून म्हणाली, “सारं लेहलं, पन म्या काय बोलली थे नाही लेहलं.” तेव्हा लिहितो. त्या दिवशी ती एकटी गावात मागं राहिली होती. साहेबांनी तिला विचारलं, की बाई, गाव तर रिकामं आहे, गाडी कुणासाठी ठेवायची? तेव्हा ती म्हणाली होती, “गाव रिकामं असन साहेब. पन माही पोरगी याच गाडीनं येते. गाडी बंद केली तं थे कशानं येईन?” साहेब मग ओट्यावर टेकले. जीपच्या ड्रायव्हरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की साहेबांचं तेव्हाच ठरलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबले ते भरितासाठी. म्हणजे वरचं माझं भाषण तुम्ही गाळून वाचलं तरी चालेल.

आणखी एक ता.क. सासऱ्यानं जावयाला आग्रह करू नये, म्हणून हे वर लिहिलं नाही. चार वर्षं झाली, धम्मशीला आलेली नाही. तिच्या सुट्ट्या, विमानाचं भाडं, सगळं मला कळतं. पण मला तिची फार आठवण येते, आणि संध्याकाळी गाडीचा आवाज आला, की सिंधू हातातलं काम टाकून ओट्यावर येते. तुमच्या हिशेबात पाहुणे धरत नाहीत. आमच्याकडं पायरीवरून पाय खाली टेकला, की माणूस धरला. येताना ती गोधडी सोबत आणा. (उसवली असेल, सिंधू टाके घालून देईल.) माझी लेक याच गाडीनं येते, असं सिंधूनं सरकारी माणसाला सांगून ठेवलं आहे. कधी, ते साहेबांनी विचारलं नाही. ते मी तुम्हाला विचारतो आहे.